मोटरखोलीतून परत आलेला चार्जर

मित्रांनो, मी एक जुना चार्जर आहे. एके काळी पांढरा होतो, आता पिवळा पडलोय. अंगावर मळ्यातली धूळ बसली आहे आणि पाठीवर पालीच्या नखांचे ओरखडे आहेत. मला बघून तुम्ही नाक मुरडाल. मुरडा खुशाल! दहा वॅटचा जीव माझा, हल्लीची पोरं तर आकडा ऐकूनच हसतात. पण हसून झालं की जरा टेका इथं. सणसरच्या रामहरी आबांच्या घरात एका रविवारी जे घडलं, ते माझ्याशिवाय घडलं नसतं. बढाई मारत नाही मी. म्हणजे थोडी मारतोय, पण खरं आहे ते.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते नीट आठवत नाही. एका पट्ट्यावरून आम्ही भावंडं एकामागोमाग सरकत होतो आणि प्रत्येकाला वीज लावून तपासत होते, एवढंच आठवतं. मी पास झालो. मग एका खोक्यात, नव्या मोबाइलच्या खाली, वायरीची गुंडाळी उशाला घेऊन बारामतीच्या दुकानात आलो. त्या काळी मोबाइल घेतला की चार्जर खोक्यातच मिळायचा, बरं का. आता खोकं उघडावं तर आत मोबाइल आणि पातळ कागद! रणजितने, म्हणजे आबांच्या मुलाने, मला घरी आणलं आणि बैठकीच्या खोलीत, फळीजवळच्या बोर्डात खोचलं. तीच माझी जागा झाली.

सुरुवातीला काय माझा थाट होता! शेजारपाजारचे लोक मोबाइल घेऊन यायचे आणि "रणजित, तुझ्या चार्जरला जरा लाव की," म्हणायचे. माझा स्वभाव सरळ आहे. दारात येईल त्याला पाच व्होल्ट. नाव विचारायचं नाही, गाव विचारायचं नाही. हळू देतो, पण देतो. आमच्याकडची लाईट तर तुम्हाला माहीतच असेल. मळ्यात तीनपैकी एक फेज गेली असताना कुणी दोन फेजवर मोटर चालवायचा खटाटोप केला, की इकडे घरातली ट्यूब डोळे मिचकावायला लागते. टीव्ही बंद पडायचा, मिक्सर रडायचा. मी आपला दात-ओठ खाऊन तग धरायचो. कधी कुणाचं काही जाळलं नाही मी.

पुढे घरात कानाचं मशीन आलं. ते का आलं, हे सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही.

आबांना ऐकू कमी यायला लागलं होतं, पण माणूस मानी. "काय म्हणालात?" असं विचारायचं म्हणजे त्यांना कमीपणा वाटे. कुणी बोललं की ते मान हलवायचे आणि "व्हय व्हय" म्हणायचे. बोलणाऱ्याचंही समाधान व्हायचं. थोरली नात अनिता तेव्हा इंदापूरच्या कॉलेजात शिकत होती. तिच्या लग्नाची बैठक ह्याच खोलीत बसली. आमच्याकडे सुपारी फोडायचा मान घरातल्या वडीलधाऱ्याचा. त्याने अडकित्त्याने सुपारी फोडली, की लग्न ठरलं. मग त्यात बदल नाही. पाहुण्यांनी विचारलं, "कॉलेज आता बंद करावं लागंल, चालंल ना आबा?" आबांनी हसत मान हलवली आणि कटकन सुपारी फोडली. पाहुण्यांच्या आवाजातला एक शब्दही त्यांच्या कानात शिरला नव्हता, हे बोर्डात बसून मला दिसत होतं. पण चार्जरला तोंड कुठं असतं?

अनिता निरवांगीला नांदायला गेली. पहिल्या सणाला माहेरी आली, तेव्हा आबांनी मोठ्या हौसेने विचारलं, "बाय, परीक्षा कधी हाय तुझी?" तिने त्यांच्या कानाजवळ तोंड नेलं.

"आबा, कॉलेज तर लग्नातच सुटलं की. तुमीच तर मान हलवली."

आबा त्या दिवशी जेवले नाहीत. ताट तसंच सारलं. दुसऱ्या दिवशी रणजितला म्हणाले, "मला कानाचं मशीन आण. आता ऐकल्याबिगर मान हलवायची न्हाय."

ते मशीन एका छोट्या काळ्या डबीत राहायचं. कानातून काढून डबीत ठेवलं की भरायचं, आणि डबीला भरायचं काम माझं. डबीबरोबर आलेली वायर एका बाजूने चपट्या तोंडाची होती, ती माझ्यात बसायची. दुसरं तोंड बारीक, गोलसर. त्याला टाईप-सी म्हणतात, ते डबीत. रोज तिन्हीसांजेला आबा स्वतः डबी मला लावायचे आणि तिच्यावर लाल दिवा लागला की म्हणायचे, "लागलं बघ." कुणाला म्हणायचे कोण जाणे. मी समजायचो, मलाच म्हणतात.

दिवस बदलले. घरात मोबाइल वाढले. धाकटी नात सोनम बारामतीला नर्सिंग शिकायला जाऊ लागली, तिचा टॅब आला. सकाळ झाली की बोर्डापुढं भांडण! रणजितला मळ्यात जायची घाई, सोनमला एसटी गाठायची घाई, तिची आई राजेश्वरी म्हणायची, माझा मोबाइल कालपासनं मेलाय त्याचं काय? आणि मी आपला दहा वॅटने थेंब थेंब देत बसलेलो. एकदा रणजित वैतागून म्हणाला, "ह्याच्यापेक्षा बैलगाडी बरी!" लागलं हो मनाला. पण तो काही खोटं बोलत नव्हता.

मग एके दिवशी बापलेक बारामतीला नवा चार्जर आणायला गेले. तिथं काय झालं ते राजेश्वरीला सांगताना सोनम हसून हसून वाकली होती, म्हणून मलाही कळलं. दुकानदाराने दोन चार्जर पुढे ठेवले. एक ऐंशी वॅटचा, रणजितच्या मोबाइलच्या कंपनीचा. दुसरा पासष्ट वॅटचा, त्यावर 'पीडी' लिहिलेलं. रणजितने विचारच केला नाही. ऐंशीवर हात ठेवला आणि म्हणाला, "जास्त एचपीचा ट्रॅक्टर घेतला की नांगर खोल जातो. ऐंशीच द्या!"

"पप्पा, ह्यो ट्रॅक्टर न्हाय," सोनम म्हणाली. "ही ऐंशीची ताकद फक्त तुमच्या मोबाइलला, ती बी त्याचीच वायर असली तर. माझा टॅब लावला की ह्यो मुंगीच्या चालीनं चालणार. पीडी ही सगळ्या कंपन्यांनी मिळून ठरवलेली पद्धत हाय. तुमचा मोबाइल जरा कमी वेगानं भरंल, पण भरंल. मम्मीचा, माझा, सगळ्यांचा भागंल."

मित्रांनो, पोरगी बरोबर बोलत होती. जळफळाट होतो माझा, तरी सांगतो. ह्या वेगवान चार्जरांच्या आपापल्या बोली असतात. चार्जर, वायर आणि मोबाइल, तिघांना एकच बोली येत असेल तरच वेग मिळतो. न आल्यास आकडा कितीही मोठा असो, गाडी पहिल्याच गिअरमध्ये. म्हणून नुसता आकडा बघायचा नाही. आपल्या घरातल्या वस्तूंना कुठली बोली येते ते आधी बघायचं.

त्यांनी पीडीवाला घेतला. निवड चांगली झाली. फक्त एक राहिलं. घरातल्या सगळ्या वस्तूंचा विचार झाला, पण आबांच्या डबीचा झाला नाही. ती दुकानात कुणालाच आठवली नाही.

नवा आला तो काळाभोर, गुळगुळीत, वजनदार. दोन भोकं, दोन्ही टाईप-सीची. त्याच्या वायरीची दोन्ही तोंडं सारखी. माझ्या जागेवर तो बसला आणि मला काढलं. आमच्याकडची रीत अशी, की घरातून उतरलेली वस्तू कधी फेकत नाहीत. ती मळ्यातल्या मोटरखोलीत जाते. तिथं मोडकी खुर्ची असते, काच तडकलेलं घड्याळ असतं, ड्रीपच्या नळ्यांचे तुकडे असतात, औषधांच्या रिकाम्या बाटल्या असतात. मीही, माझ्यात खोचलेल्या डबीच्या वायरीसकट, तिथं गेलो. स्टार्टरच्या बोर्डावरच्या एका सॉकेटमध्ये रणजितने मला खोचलं. "बॅटरी भरायला होईल," म्हणाला. डोक्याला बांधायची बॅटरी, उसाला पाणी देताना लागते ती. तेवढंच काम. ते नसलं की पाल माझ्या पाठीवर येऊन बसायची आणि मोटर सुरू झाली की भिंत थरथरायची. मला रडू आलं असतं, पण चार्जरला आसवंही नसतात.

तिकडे घरात काय चाललं होतं ते मला नंतर समजलं. आबांनी डबी नव्या चार्जरला, नव्या वायरीने लावली. दिवा लागेना. वायर उलटी करून बघितली. लागेना. दुसऱ्या भोकात लावली. छे! मशीन बंद पडलं ते पडलंच. रणजितने डबी हातात फिरवली आणि निकाल देऊन टाकला, "पासष्ट वॅट देऊन बी घेईना, म्हंजे डबीच गेली." ज्यांच्याकडून मशीन घेतलं त्यांना फोन लावला. ते म्हणाले, पाठवून द्या, पंधरा दिवस लागतील.

आणि येत्या रविवारीच सोनमच्या लग्नाची बैठक होती. कोऱ्हाळे बुद्रुकचे मोहनराव आपल्या मुलासाठी, दिग्विजयसाठी, सोनमला मागणी घालून गेले होते. मुलामुलीची पसंती झाली होती. पण त्यांना लग्न लगेच उरकायचं होतं आणि सोनमची शेवटच्या वर्षाची परीक्षा जूनमध्ये होती. परीक्षेचं ते काय म्हणतील, ह्याचा घोर पोरीला लागलेला. रणजित पाहुण्यांपुढं बोलायला कचरायचा. सगळी भिस्त आबांवर, कारण सुपारी त्यांच्या हातात.

राजेश्वरीने सासऱ्यांना हातवारे करून विचारलं, आता रविवारी कसं करायचं?

आबा म्हणाले, "त्यात काय? मान हलवायची तेवढीच तर माझी गरज हाय."

दारात उभी असलेली सोनम हे ऐकून आत निघून गेली.

शनिवारी सकाळी आबा मळ्यात आले. त्या आठवड्यात मळ्याची लाईट दिवसा होती. त्यांनी मोटर चालू केली आणि मोडक्या खुर्चीत बसले. ऐकू न येणारा माणूस स्वतःशी बोलतो, तेही मोठ्याने. "एका नातीचं वाटोळं केलं, आता दुसरीचं करायला बस म्हाताऱ्या," असं ते म्हणाले. मग त्यांची नजर वर गेली आणि मी दिसलो.

"आरं! तू बी हितंच आलास व्हय?"

तसे हसले थोडे. खिशात डबी होती. बंद पडली तरी सवयीने खिशात ठेवलेली. त्यांना त्यातलं शास्त्र माहीत नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. रोज तिन्हीसांजेला हात जसा चालायचा तसा तो चालला, एवढंच. त्यांनी माझी वायर झटकली, पाल पळाली, आणि बारीक तोंड डबीत घातलं.

लाल दिवा लागला!

मित्रांनो, इतक्या वर्षांत हजारदा तो दिवा मी लावला असेल, पण असा आनंद कधी झाला नव्हता. आबा उठून उभे राहिले. डबीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "लागलं बघ," म्हणाले. डबी भरेपर्यंत तिथून हलले नाहीत. मग डबीतलं मशीन काढून कानात घातलं. मोटरची घरघर ऐकली. बाहेर पाटात पडणारं पाणी ऐकलं. पाल चुकचुकली, तीही ऐकली. मग मोटर बंद करून मला उपटलं, टॉवेलात गुंडाळलं आणि तरणाताठा गडी चालावा तसे घराकडे निघाले.

घरी सोनमने डबी एकदा नव्याला लावली. अंधार. मला लावली. लाल दिवा. ती मोबाइलवर काहीबाही वाचत बसली आणि मग आबांच्या शेजारी येऊन बसली.

"आबा, डबी चांगली हाय. नवा चार्जर बी चांगला हाय. दोघांचं बोलणं जुळत न्हाय, एवढंच."

"म्हंजे?"

"जुना कुणाला न विचारता पाच व्होल्ट देतो. नवा तसा न्हाय. तो पाच बी देतो, वीस बी देतो, म्हणून जपून वागतो. वायर लावली की आधी बघतो, पलीकडं कुणी हाय का, त्याला किती पाहिजे, किती झेपंल. उत्तर आलं तरच देतो."

"विचारल्याबिगर देतच न्हाय?"

"अजिबात न्हाय."

आबा नव्या चार्जरकडे बघत राहिले. "शाना हाय," म्हणाले. "मग डबीनं उत्तर का दिलं न्हाय?"

"तिला येतच न्हाय. बनवणाऱ्यानं खर्च वाचवायला उत्तर देणारा बारका भाग बसवलाच न्हाय. ती गप बसती, आणि ह्याला वाटतं पलीकडं कुणीच न्हाय."

आबा नातीच्या तोंडाकडे बघत बसले. सोनमने मान खाली घातली आणि नखाने चटईची काडी उकरत राहिली. मला माझ्या जुन्या बोर्डात, नव्याच्या शेजारी जागा मिळाली.

रविवारी पाहुणे आले. पोहे झाले, चहा झाला. मोहनराव माणूस वाईट नव्हता, बोलायला गोड होता. तबक पुढे आलं. त्यात पानं, सुपारी, अडकित्ता. आबांनी सुपारी उचलली. मोहनराव म्हणाले, "आबा, पुढच्या महिन्यातली तारीख धरू. परीक्षेचं काय एवढं? आमच्याकडं काय कमी हाय? नोकरी थोडीच करायची हाय पोरीला. चालंल ना?"

खोलीतले सगळे आबांच्या मानेकडे बघू लागले. निरवांगीहून आलेली अनिता आतल्या दारात उभी होती. तिने चौकट घट्ट धरली होती. रणजितने नुसता घसा खाकरला.

आबांची मान हलली नाही.

"सोनम," त्यांनी हाक मारली, "बाहीर ये, बाय."

बैठकीत मुलीला असं बोलवत नाहीत. ती आली, पदराआडून यावं तशी आईच्या आडून आली. आबा म्हणाले, "तुझं काय म्हणणं हाय?"

"मला परीक्षा द्यायचीय, आबा. नोकरी बी करायचीय. मग लग्नाला माझी ना न्हाय."

एवढ्या हळू बोलली पोरगी, की शेजारी बसलेल्या रणजितलाही नीट कळलं नाही. "काय म्हणाली?" त्याने विचारलं.

"मला आलं ऐकू," आबा म्हणाले. "ती म्हणती, आधी परीक्षा, आणि नोकरी करणार."

मोहनराव जरा ताठ झाले. "आबा, सुपारी हातात घेतलीया तुमी."

"घेतलीया. फोडली न्हाय अजून." आबांनी बोर्डाकडे बोट केलं. "मोहनराव, आमच्या घरात त्यो एक नवा चार्जर आलाय. आधी विचारतो, मग देतो. उत्तर आल्याबिगर देत न्हाय. मी थोरल्या नातीला न विचारता दिली. कानानं बहिरा होतो, ते सांगायची लाज वाटली, म्हणून मान हलवली. ती बघा, दारात उभी हाय. आता तसं करायचं न्हाय."

भर बैठकीत, परक्या माणसांपुढं, आबांनी आपलं बहिरेपण असं सांगून टाकलं. अनिता रडत होती आणि डोळे पुसतही नव्हती. सुपारी आबांनी तबकात ठेवली नाही. उठले आणि फळीवर, माझ्या डोक्याशी ठेवली. अख्खी. दिग्विजयने एकदा सोनमकडे आणि एकदा वडिलांकडे बघितलं. मोहनराव "कळवतो" म्हणाले आणि पाहुणे गेले. दुसरा चहा तसाच निवला.

तेव्हापासून आम्ही दोघं शेजारी आहोत. सुरुवातीला मी त्याच्याशी बोललो नाही. मग वाटलं, ह्याचं काय चुकलं? त्याच्या रीतीने तो बरोबरच होता. मोबाइल आणि टॅब तो भरतो, मी डबी भरतो. आमच्यातला वेगवान कोण, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिन्हीसांजेला आबा नेमके कुणाकडे येतात, तेही सगळ्यांना ठाऊक आहे.

मित्रांनो, नवं जरूर आणा. पण जुनं काढायच्या आधी एकदा घरभर फिरून बघा, त्याच्या जिवावर कुणाचं काय चाललंय. वायर फेकू नका, तिच्यावर कुणाचं ते लिहून ठेवा. एखादी वस्तू गप्प आहे म्हणून ती मेली असं ठरवू नका. आणि एखादं माणूस गप्प असलं, तर त्याचं 'हो' आहे असं तर मुळीच धरू नका.

एक मिनिट हं, आबांचा फोन वाजतोय. कोऱ्हाळ्याचा दिसतोय. आबांनी मशीन नीट बसवलं, फोन कानाला लावला.

"बोला मोहनराव... व्हय, ऐकू येतंय, चांगलं ऐकू येतंय... काय म्हणता? दिग्विजय थांबायला तयार हाय? परीक्षा झाल्यावर? नोकरीलाबी ना न्हाय?"

आबांचा हात फळीवरच्या सुपारीकडे गेला. राजेश्वरी स्वयंपाकघरातून धावत आली. रणजित तर हसायलाच लागला. आबांनी सुपारी मुठीत धरली, फोनमध्ये म्हणाले, "जरा थांबा," आणि आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली,

"सोनम, बाहीर ये बाय. तुला विचारायचं हाय."